प्राचीन ग्रीक वैयाकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक वैयाकरणांचा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण बाकीची बरीच उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. या लोकांचं व्याकरण कवितेच्या वाचनातून निघालं. इलियड आणि ओडिसी या महाकाव्यांचा कवी होमर नीट वाचता यावा, त्याच्या ओळी शुद्ध राहाव्यात, हा त्यांचा मूळ ध्यास होता. नियम, कोष्टकं, शब्दांच्या जाती हे सगळं त्या वाटेवर तयार झालं.

हे वैयाकरण नेमकं काय काम करत?

ग्रीक भाषेत त्यांना 'ग्रामाटिकोस' म्हणत. सुरुवातीला या शब्दाचा अर्थ फक्त 'अक्षरओळख असलेला' एवढाच होता. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून तो जुन्या ग्रंथांच्या जाणकाराला लावला जाऊ लागला. हा माणूस हस्तलिखितं ताडून पाहायचा, पाठभेद नोंदवायचा, अवघड शब्दांचे अर्थ लावायचा, छंद तपासायचा, कवीचं चरित्र लिहायचा आणि एखादी ओळ त्या कवीची वाटत नसेल तर तसं सांगायचा. आज आपण संपादक, कोशकार, टीकाकार, भाषातज्ज्ञ आणि ग्रंथपाल अशी वेगवेगळी माणसं मानतो. तिथे ती बहुधा एकच असत.

पुढे शिक्षणाच्या उतरंडीतही त्याची जागा ठरली. मुलगा आधी अक्षरं शिकवणाऱ्या मास्तरांकडे जाई, मग वैयाकरणाकडे काव्य वाचायला आणि शेवटी वक्तृत्वाच्या गुरूकडे.

अलेक्झांड्रियाचंच नाव सारखं का येतं?

कारण तिथे पुस्तकं आणि पगार दोन्ही एका जागी होते. अलेक्झांडरनंतर इजिप्तचं राज्य टॉलेमी घराण्याकडे आलं. पहिल्या दोन टॉलेमींच्या काळात, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात, राजवाड्याच्या परिसरात 'म्यूझियन' नावाची विद्वानांची संस्था आणि तिच्या जोडीला ग्रंथालय उभं राहिलं. भूगोलकार स्ट्राबोने त्या जागेचं वर्णन केलं आहे: फिरायला सावलीची वाट, बसून चर्चा करायला जागा आणि सगळ्यांना एकत्र जेवायला एक मोठं घर. खर्च राजाचा.

पुस्तकांची हाव अशी की बंदरात लागलेल्या जहाजांवरची पुस्तकं उतरवून घेत आणि मालकाला नक्कल परत देत, असं वैद्य गॅलेन सांगतो. अथेन्सकडे ईस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांच्या नाटकांच्या अधिकृत प्रती होत्या. तिसऱ्या टॉलेमीने त्या 15 टॅलंट चांदी तारण ठेवून नकलून घ्यायला मागवल्या आणि तारणावर पाणी सोडून मूळ प्रती स्वतःकडेच ठेवल्या, ही हकिकतही गॅलेनचीच.

एकाच काव्याच्या दहा गावांहून आलेल्या दहा प्रती एका छपराखाली जमल्या की त्या एकमेकींशी जुळत नाहीत हे उघड होतं. प्रती ताडून मूळ पाठ ठरवण्याची, म्हणजे पाठचिकित्सेची, गरज तिथे निर्माण झाली. एवढ्या पुस्तकांची व्यवस्था लावायची म्हणून कॅलिमॅकस या कवीने लेखकवार सूची केली. ती पपायरसच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या) 120 गुंडाळ्यांची होती. तो स्वतः मुख्य ग्रंथपाल कधीच झाला नाही.

होमरमध्ये दुरुस्त करण्यासारखं काय होतं?

पुष्कळ. ही काव्यं आधी तोंडी गायली गेली, मग लिहिली गेली, मग शतकानुशतकं नकलली गेली. कुठे गायकाने चार ओळी वाढवलेल्या, कुठे नकलकाराने शब्द बदललेला. त्यात पपायरसवर लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. अक्षरांची सलग माळ असायची. शब्द कुठे तोडायचा, हाच पहिला निर्णय.

या कामाला पहिल्यांदा हात घातला इफिससच्या झेनोडोटसने. तो ग्रंथालयाचा पहिला प्रमुख. एखादी ओळ होमरची नाही असं वाटलं की तिच्या डावीकडे समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, तो एक आडवी रेघ ओढायचा. या खुणेला 'ओबेलोस' म्हणतात. ओळ जागेवरच राहायची, फक्त वाचणाऱ्याला कळायचं की संपादकाला इथे शंका आहे. त्याने काही ओळी पूर्ण गाळल्याही, पण पुढच्या पिढ्यांनी उचलली ती खुणेची पद्धत.

त्याच्या शंका नेहमी बरोबर होत्या असं नाही. इलियडच्या तिसऱ्या सर्गात अफ्रोडाइटी देवी हेलनला बसायला स्वतः आसन आणून देते. देवीने असलं हलकं काम करणं शोभत नाही, म्हणून झेनोडोटसने त्या ओळी संशयित ठरवल्या. त्यानंतर शंभरेक वर्षांनी आलेल्या अरिस्टार्कसने उत्तर दिलं की देवीने म्हाताऱ्या दासीचं रूप घेतलंय हे झेनोडोटस विसरला, त्या रूपाला ते काम शोभतंच. कवीने आधी काय सांगितलंय ते लक्षात ठेवून पुढची ओळ वाचायची, ही शिस्त या एका उत्तरात दिसते.

अरिस्टार्कसला एवढं मोठं का मानतात?

सॅमोथ्रेस बेटावरचा अरिस्टार्कस (सुमारे इ.स.पू. 216 ते 144) अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख आणि राजपुत्रांचा शिक्षक होता. त्याने 800 हून अधिक भाष्यग्रंथ लिहिले आणि त्याच्या हाताखाली सुमारे 40 वैयाकरण तयार झाले, असं 'सूडा' हा बायझंटाइन कोश सांगतो. पण त्याचं मोठेपण आकड्यांपेक्षा त्याच्या संयमात आहे. एक ओळ सविस्तर सांगतो, म्हणजे काय म्हणायचंय ते स्पष्ट होईल.

इलियडचा नववा सर्ग. रुसून बसलेल्या अकिलीसची समजूत काढायला ओडिसियस, एजॅक्स आणि वृद्ध फीनिक्स निघतात. निघण्याआधी ते अगामेम्नॉनकडे जेवलेले असतात. अकिलीसच्या तंबूत पोचल्यावर तो त्यांना पुन्हा जेवायला घालतो. मग नेहमीची ठरलेली ओळ येते: 'त्यांची खाण्यापिण्याची इच्छा तृप्त झाल्यावर...' अरिस्टार्कसला ती खटकली. आत्ताच पोटभर जेवून आलेल्यांना कसली एवढी भूक? 'त्यांनी पुन्हा थोडं चाखलं' अशा अर्थाचे शब्द इथे जास्त शोभले असते, असं त्याने लिहिलं, आणि ते शब्द छंदात कसे बसतील तेही सांगितलं. पण मूळ ओळीला हात लावला नाही. का? प्राचीन टीपेत कारण दिलंय: बऱ्याच प्रतींत हाच पाठ मिळाला, म्हणून अतीव सावधगिरीने त्याने काहीही बदललं नाही.

आपल्याला सुचलेला पाठ जास्त चांगला आहे याची खात्री असूनही तो समासातच ठेवणं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत उंच टोक वाटतं. विद्वत्ता अनेकांकडे होती. ही सावधगिरी दुर्मीळ होती.

त्याने खुणांची भाषाही वाढवली. ओबेलोस संशयित ओळीला. कोनासारखी 'डिप्ली' ही खूण भाष्य करण्याजोग्या जागेला. ठिपके दिलेली डिप्ली झेनोडोटसशी मतभेद असेल तिथे. चांदणीची खूण दुसरीकडेही येणाऱ्या ओळीला. वाचणारा खूण पाहून स्वतंत्र गुंडाळीतलं भाष्य उघडायचा. होमरचा अर्थ होमरवरूनच लावायचा, या सूत्राशी त्याचं नाव जोडलेलं आहे. ते शब्द आपल्याला नंतरच्या पॉर्फिरी या विद्वानाकडे सापडतात, पण पद्धत अरिस्टार्कसचीच होती.

ओडिसीचा शेवट खोटा आहे असं त्यांनी म्हटलं, हे खरं का?

तशी टीप आहे. बायझँटियमचा अरिस्टोफेनीस आणि त्याचा शिष्य अरिस्टार्कस या दोघांनी तेविसाव्या सर्गाच्या 296व्या ओळीला ओडिसीची अखेर म्हटलं. तिथे ओडिसियस आणि पेनेलोपी वीस वर्षांनी आपल्या शय्येकडे जातात. 'अखेर' म्हणजे त्यापुढचं सगळं प्रक्षिप्त (मागाहून कोणी घातलेलं) की कथेचा परमोच्च बिंदू, यावर अभ्यासक अजून भांडतात. पुढचा मजकूर त्यांनी कापून फेकला नाही, म्हणून तर तो आपल्या हातात आहे.

स्वरांच्या खुणा अरिस्टोफेनीसने शोधल्या का?

परंपरा त्याला श्रेय देते. ग्रीक बोलणाऱ्याला कुठला स्वर चढा लावायचा ते जन्मजात माहीत होतं. पण होमरमधले जुने, व्यवहारातून गेलेले शब्द कसे उच्चारायचे, आणि ग्रीक नव्याने शिकणाऱ्या परभाषकांचं काय, या अडचणींसाठी खुणा लागल्या. इ.स. दुसऱ्या शतकात हेरोडियन या वैयाकरणाने या विषयावर सुमारे 20 भागांचा ग्रंथ लिहून तो सम्राट मार्कस ऑरेलियसला अर्पण केला.

या खुणांचा एक लाभ आपल्याकडच्या अभ्यासालाही झाला. ग्रीक 'पॅटेर' (बाप) या शब्दात चढा स्वर शेवटच्या अवयवावर आहे. वैदिक 'पिता' मध्ये उदात्त, म्हणजे चढा स्वर, तिथेच आहे. दोन्ही भाषांचं मूळ एक असल्याचा हा पुरावा हाती यायला इकडे प्रातिशाख्यांची (वेदांच्या उच्चाराचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांची) परंपरा आणि तिकडे या वैयाकरणांच्या खुणा, दोन्ही टिकाव्या लागल्या.

राजेलोक त्यांची परीक्षा घेत, असं वाचलं. खरं आहे का?

हो, आणि एक किस्सा तर फार सुंदर आहे. होमरमधल्या अडचणी मांडायच्या आणि सोडवायच्या, हा म्यूझियनमधला आवडता उद्योग होता. इलियडमध्ये नेस्टरचा एक पेला आहे. भरलेला असताना दुसऱ्या कोणाला तो मेजावरून जेमतेम हलवता येई, पण म्हातारा नेस्टर सहज उचली. आता म्हाताऱ्याला जे जमतं ते अकिलीसला जमू नये? सोसिबियस नावाच्या पंडिताने तोडगा काढला: 'म्हातारा' हा शब्द नेस्टरजवळून उचलून 'दुसऱ्या कोणाला' या शब्दांना जोडा. म्हणजे दुसऱ्या म्हाताऱ्याला तो जेमतेम हलवता येई. अडचण मिटली.

टॉलेमी फिलाडेल्फसने, म्हणजे दुसऱ्या टॉलेमीने, खजिनदाराला सांगून ठेवलं की सोसिबियस पगार मागायला आला की 'दिलाय' म्हणा. सोसिबियस तक्रार घेऊन आला. राजाने पगारपत्रक मागवलं आणि त्यातली नावं वाचली: सोटेर, सोसिजेनीस, बियॉन, अपोलोनियस. पहिल्यातला 'सो', दुसऱ्यातला 'सि', तिसऱ्यातला 'बि' आणि चौथ्याची अखेर घे, तुझंच नाव होतं की, तुझा पगार तुझ्याच पद्धतीने पोचलाय! ही गोष्ट अथेनिअस या नंतरच्या ग्रीक लेखकाने सांगितली आहे. शब्द जागचे हलवून अर्थ काढण्यातला धोका यापेक्षा नेमका कोणी सांगितला नसेल.

रोमचा सम्राट टायबेरियसही वैयाकरणांना विचारायचा: हेक्युबाची आई कोण? मुलींमध्ये लपला असताना अकिलीसचं नाव काय होतं? सायरन कोणतं गाणं गात? हे रोमन चरित्रकार सुएटोनियसने नोंदवलं आहे.

अलेक्झांड्रियातून त्यांना हाकलून दिलं होतं का?

इ.स.पू. 145 मध्ये आठवा टॉलेमी गादीवर आला. वारसाच्या भांडणात अलेक्झांड्रियातले बरेच विद्वान त्याच्या विरोधी बाजूला होते. त्याने सूड उगवला. अरिस्टार्कस सायप्रसला निसटला आणि तिथेच बहात्तराव्या वर्षी वारला. जलोदर झाल्यावर त्याने अन्न सोडलं, असं सूडा कोश सांगतो. ग्रंथपालांची यादी असलेला एक पपायरस इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे सापडलाय. त्यात यानंतरचं नाव आहे किडास, 'भालाइतांपैकी एक'. झेनोडोटस आणि अरिस्टार्कसच्या जागेवर शिपाईगडी बसवला गेला.

पण या पांगापांगीचा एक परिणाम असा झाला की विद्या गावोगाव गेली. अथेनिअसने जुन्या इतिहासकारांच्या आधारे लिहिलंय की वैयाकरण, भूमितिज्ञ, वैद्य, चित्रकार असे सगळे परागंदा झाले आणि पोटासाठी शिकवू लागले, त्यामुळे बेटंच्या बेटं शहाणी झाली.

पहिलं ग्रीक व्याकरण कोणी लिहिलं?

नाव घेतलं जातं डायोनिसियस थ्रॅक्सचं. तो अरिस्टार्कसचा शिष्य. पुढे ऱ्होड्स बेटावर शिकवायचा. तिथल्या शिष्यांनी वर्गणी काढून चांदी जमवली आणि त्यातून त्याने नेस्टरच्या पेल्याची प्रतिकृती घडवली, अशी आठवण अथेनिअसने जपून ठेवलीय. होमरचं वर्णन वाचून पेला नेमका कसा असेल हे गुरुशिष्यांनी चांदीत पडताळून पाहिलं. भाष्य करण्याची ही रीत मला फार आवडते.

त्याच्या नावावरचं व्याकरण जेमतेम काही पानांचं आहे. सुरुवातीची व्याख्या अशी: कवी आणि गद्यलेखक सर्वसाधारणपणे जे वापरतात त्याचं अनुभवातून आलेलं ज्ञान म्हणजे व्याकरण. मग त्याची सहा अंगं: स्वर सांभाळून वाचन, अलंकारांचा उलगडा, अवघड शब्द आणि संदर्भ, व्युत्पत्ती, रूपांतलं साम्य आणि शेवटी काव्यांचं मूल्यमापन. हे शेवटचं अंग सगळ्यांत सुंदर, असं तो म्हणतो. काव्यपरीक्षण व्याकरणाच्या शिखरावर ठेवणारी ही व्याख्या पुढे पाठ्यपुस्तकांतून नाहीशी झाली, हे नुकसानच.

पुस्तकाचा पुढचा भाग त्याचाच की कोणी नंतर जोडलेला, याबद्दल प्राचीन काळापासून शंका आहे. 1958 मध्ये इटालियन अभ्यासक विन्चेंझो दी बेनेदेत्तो यांनी हा वाद नव्याने पेटवला. अधिकार मात्र एवढा की या छोट्या पुस्तकाचं आर्मेनियन आणि सिरियाक भाषांत रूपांतर झालं.

शाळेत शिकलेल्या शब्दांच्या आठ जाती ग्रीकांकडून आल्या का?

वाट वळणावळणाची आहे, पण उगम तोच. ग्रीकांच्या आठ जाती अशा: नाम, क्रियापद, धातुसाधित, उपपद (इंग्रजी 'the' सारखं), सर्वनाम, उपसर्ग-शब्दयोगी, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी. विशेषण वेगळं नव्हतं, ते नामातच मोडायचं. धातुसाधिताला स्वतंत्र जात दिली, कारण त्याला नामासारखी विभक्ती लागते आणि क्रियापदासारखा काळही असतो. लॅटिनमध्ये उपपद नाही, म्हणून रोमन वैयाकरणांनी ते गाळलं आणि उद्गारवाचकाला वेगळी जात देऊन आठाचा आकडा कायम ठेवला. पुढे युरोपात विशेषण नामापासून सुटलं आणि धातुसाधित क्रियापदात गेलं. हीच आठांची मांडणी इंग्रजी शालेय व्याकरणात आली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठी व्याकरण प्रसिद्ध केलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाची घडण त्यांच्यासमोर होती. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही आपली यादी त्या परंपरेतली आहे. संस्कृत परंपरेत यास्काने चारच मानले होते: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात.

मग पाणिनी आणि ग्रीक यांचा काही संबंध?

उसनवारीचा पुरावा नाही. पाणिनी अलेक्झांड्रियाच्या वैयाकरणांहून जुना आणि त्याची सूत्रपद्धती त्यांच्या कामाशी कुठेच मिळत नाही. पाणिनीला बोलली जाणारी भाषा पूर्णपणे निर्माण करून दाखवायची होती. ग्रीकांना आधीच लिहिलेलं काव्य वाचायचं होतं. ग्रीकांची, म्हणजे यवनांची, दखल मात्र पाणिनीच्या अष्टाध्यायीत आहे: एका सूत्रातून 'यवनानी' हे रूप सिद्ध होतं आणि कात्यायनाच्या वार्तिकाप्रमाणे त्याचा अर्थ यवनांची लिपी.

पर्गममच्या पंडितांशी त्यांचं कशावरून वैर होतं?

आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गममला दुसरं मोठं ग्रंथालय होतं. तिथला पंडित क्रेटीस हा स्टोइक या तत्त्वज्ञानपंथाच्या विचारांचा. होमरच्या ओळींत विश्वरचनेचे संकेत दडलेत असं तो मानायचा. अलेक्झांड्रियाकर शब्दरूपांत नियम शोधत. क्रेटीस म्हणे, वापर हाच प्रमाण, अपवाद भाषेच्या स्वभावातच आहेत. मराठीत बोलायचं तर एक बाजू 'बस-बसला, हस-हसला' दाखवणार आणि दुसरी 'जा-गेला' पुढे करणार. रोमन लेखक व्हॅरोने हा वाद विस्ताराने मांडलाय. ज्युलियस सीझरनेही नियमाच्या बाजूने पुस्तक लिहिलं होतं.

क्रेटीस राजाचा दूत म्हणून रोमला गेला असताना पॅलाटाइन टेकडीजवळ सांडपाण्याच्या उघड्या तोंडात पडून त्याचा पाय मोडला. बरा होईपर्यंत त्याने तिथे व्याख्यानं दिली आणि रोमला व्याकरणाची गोडी लागली, असं सुएटोनियस सांगतो.

अपोलोनियसला 'डिस्कोलस' का म्हणत?

डिस्कोलस म्हणजे तिरसट, किंवा समजायला कठीण. दोन्ही अर्थ प्राचीनांनीच सुचवलेत. हा इ.स. दुसऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियाचा वैयाकरण. वर आलेला हेरोडियन त्याचा मुलगा. गरिबी इतकी की पपायरस परवडत नसे, फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर लिहायचा, असं त्याच्या चरित्रात आहे. या माणसाने वाक्यरचनेवर चार भागांचा ग्रंथ लिहिला आणि तो बऱ्याच अंशी टिकलाय.

त्याचा एक प्रयोग पाहा. तो एक वाक्य घेतो: 'तोच माणूस आज घसरून पडला.' ग्रीकमध्ये या एका वाक्यात उभयान्वयी सोडून सगळ्या जाती बसतात. मग तो एकेक शब्द काढतो. 'आज' काढला, वाक्य उभं आहे. 'घसरून' काढलं, उभं आहे. पण 'माणूस' किंवा 'पडला' काढला की वाक्य कोसळतं. म्हणून नाम आणि क्रियापद पहिले, बाकीचे त्यांच्या आधाराने. एवढं साधं आणि नेमकं. सहाव्या शतकात कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये प्रिशियनने लॅटिन व्याकरण लिहिलं ते याच्या खांद्यावर उभं राहून, आणि मध्ययुगीन युरोप प्रिशियनवर वाढला.

डिडिमसने खरंच 3500 पुस्तकं लिहिली?

अथेनिअस 3500 म्हणतो, रोमन तत्त्वज्ञ सेनेका 4000. पुस्तक म्हणजे पपायरसची एक गुंडाळी, हे लक्षात घेतलं तरी आकडा प्रचंड आहे. इ.स.पू. पहिल्या शतकातल्या या माणसाला 'पितळी आतड्यांचा' म्हणत. आपणच आधी काय लिहिलं ते विसरतो म्हणून 'पुस्तकविसऱ्या' असंही नाव पडलं होतं. सेनेकाला त्याचे विषय निरर्थक वाटले. मी सेनेकाशी सहमत नाही. अरिस्टार्कसची मतं डिडिमसने नोंदवली नसती तर नवव्या सर्गातली ती ओळ आणि ती सावधगिरी आपल्याला कळलीच नसती.

या क्षेत्रात बायका होत्या का?

थोड्यांची नावं उरलीत. अलेक्झांड्रियाच्या हेस्टिआने इलियडवर लिहिलं होतं, आणि ट्रॉयची लढाई झाली ते मैदान कोणतं हा तिचा प्रश्न स्ट्राबोने नोंदवला आहे. कॉर्सिराच्या अगॅलिस नावाच्या विदुषीचं मत अथेनिअस देतो. आणि हर्मायनी. इजिप्तमधल्या हवारा इथे 1911 मध्ये फ्लिंडर्स पेट्रींना एका तरुणीची ममी सापडली. चेहऱ्याच्या जागी रंगवलेलं तिचं चित्र, आणि शेजारी दोनच शब्द: हर्मायनी, ग्रामाटिकी. ती शिकवायची की केवळ विद्यासंपन्न होती, दोन्ही अर्थ निघू शकतात. आज ती केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात आहे.

त्यांचं पोट कसं चालायचं?

म्यूझियनमधले मूठभर सोडले तर बेताचंच. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या इ.स. 301 सालच्या दरपत्रकात वैयाकरणाला दर विद्यार्थ्यामागे महिना 200 दिनार ठरवलेत, अक्षरं शिकवणाऱ्याला 50 आणि वक्तृत्वाच्या गुरूला 250. कागदावरचा दर आणि हातात पडणारा पैसा यांत फरक असायचाच. टायरानियनसारखा विद्वान तर युद्धकैदी म्हणून रोमन हातात पडला. सुटल्यावर त्याने सिसेरोचा ग्रंथसंग्रह लावून दिला आणि स्ट्राबोला शिकवलं.

सगळ्यांत बोलका कागद आहे लोलियानसचा. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर तो ऑक्सिरिंकस शहराचा सरकारी वैयाकरण होता. त्याने सम्राट व्हॅलेरियन आणि गॅलिएनस यांच्याकडे केलेल्या अर्जाचा मसुदा सापडलाय. तक्रार अशी की शहराकडून पगार धड मिळत नाही. मिळतो तेव्हा वाइनच्या नावाखाली आंबलेलं काहीतरी आणि कीड लागलेलं धान्य. म्हणून शहरातली एक फळबाग आपल्या नावे करून द्यावी, म्हणजे तिच्या उत्पन्नावर निश्चिंतपणे मुलांना शिकवता येईल. दरबारातल्या एका ओळखीच्या माणसालाही त्याने पत्र लिहून शब्द टाकायला सांगितलं. बाग मिळाली असावी असं दाखवणारं काही हाती नाही.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा पॅलाडस हा वैयाकरण-कवी लिहितो की वर्षाची फी द्यायची वेळ आली की आईबाप मुलाला दुसऱ्या मास्तरांकडे घालतात. शेवटी त्याने पिंडार आणि कॅलिमॅकसची पुस्तकं विकायला काढली.

त्यांच्यावर टीका कोणी केली?

भरपूर जणांनी. म्यूझियन हा 'काव्यदेवतांचा पिंजरा' आणि त्यात पोसलेले पंडित अखंड भांडताहेत, असं टायमन नावाच्या कवीने लिहिलं. हेरोडिकसने अरिस्टार्कसच्या शिष्यांना कोपऱ्यात बसून एकेका अक्षरावर भुणभुणणारे म्हटलं. सेक्स्टस एम्पिरिकस या संशयवादी तत्त्वज्ञाने तर त्यांच्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. भाषा वापरावरून शिकता येते, नियमांचा अट्टहास कशाला, हा त्याचा आक्षेप आजही वाचण्याजोगा आहे.

एवढे ग्रंथ होते तर गेले कुठे?

बहुतेक नष्ट झाले. अरिस्टार्कसचं एकही भाष्य सबंध मिळत नाही. जे उरलं ते समासात उरलं. व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात इलियडचं दहाव्या शतकातलं एक चर्मपत्री हस्तलिखित आहे. अभ्यासक त्याला 'व्हेनेटस ए' म्हणतात. पानाच्या आतल्या बाजूला होमरच्या ओळी, त्यांच्या डावीकडे त्याच जुन्या खुणा आणि वर, खाली, बाजूला बारीक अक्षरांत टिपांची गर्दी. बहुतेक सर्गांच्या अखेरीला लिहिलंय की या टिपा चौघांच्या ग्रंथांतून घेतल्या: खुणांसाठी अरिस्टोनिकस, अरिस्टार्कसच्या पाठांसाठी डिडिमस, स्वरांसाठी हेरोडियन, विरामांसाठी निकानोर. या चौघांचे मूळ ग्रंथ गेले. कोणा अनामिक लेखनिकाने पानाच्या कडेला उतरवलं तेवढं वाचलं.

1788 मध्ये फ्रेंच अभ्यासक व्हीलवाझों यांनी हे छापलं आणि युरोप चकित झाला. होमरचा पाठ प्राचीन काळीच इतका अस्थिर होता हे प्रथमच कळलं. सात वर्षांनी जर्मनीच्या फ्रीडरिश वोल्फ यांनी त्यावर आधारून होमरच्या कर्तृत्वाचा प्रश्न उभा केला आणि आधुनिक पाठचिकित्सेला वेग आला.

महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, जर्मनीमार्गे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये हे काम हाती घेतलं आणि 1966 मध्ये संहितेचं संपादन पूर्ण केलं. त्याची पद्धत बसवणारे विष्णु सीताराम सुखटणकर केंब्रिज आणि बर्लिनला शिकलेले होते. वोल्फनंतरच्या जर्मन पाठचिकित्सेची शिस्त त्यांनी महाभारताच्या गरजेप्रमाणे बदलून वापरली. ही आवृत्ती उघडून पाहा. खात्री नसलेल्या शब्दांखाली नागमोडी रेघ आहे. मुख्य पाठात न घेतलेले श्लोक फेकलेले नाहीत. ते तळटीपांत चांदणीच्या खुणेसह आणि परिशिष्टांत दिलेत, कोणत्या पोथीत आहेत त्यासकट. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर तो स्वतः तपासू शकतो. अरिस्टार्कसच्या वाचकालाही हीच मुभा होती.

सुरुवात कुठून करावी? ग्रीक यायलाच हवं का?

नाही. सुएटोनियसची वैयाकरणांची छोटी चरित्रं इंग्रजी अनुवादात मिळतात आणि एका बैठकीत वाचून होतात. त्यानंतर डायोनिसियस थ्रॅक्स. व्हेनेटस एच्या पानांची छायाचित्रं 2007 मध्ये काढली गेली आणि ती इंटरनेटवर मोफत पाहता येतात. लिपी वाचता आली नाही तरी चालेल. इलियडचा अनुवाद शेजारी ठेवून नववा सर्ग काढावा, 222वी ओळ शोधावी आणि तिच्या भोवतालचा समास पाहावा. ग्रीक शिकायचंच असेल तर मात्र व्याकरण आणि होमर एकदमच सुरू करावेत.